वेगवान संगणकाचे थंड डोके आणि दवाखान्यातील शांतता

वैद्यकशास्त्राचा निम्मा व्यवहार ऐकण्यावर चालतो. रुग्णाची तक्रार ऐकायची, श्वासाचा आवाज ऐकायचा, हृदयाचे ठोके ऐकायचे. फ्रान्समध्ये लेनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण गोंगाटासाठी राखून ठेवले. रुग्णाभोवतीची शांतता हा उपचाराचाच भाग आहे, ही जाण इतकी जुनी आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र आपल्या तपासणी कक्षात एक नवा रहिवासी येऊन बसला. त्याचे नाव संगणक. नोंदी, देयके, एक्स-रे, सोनोग्राफीच्या प्रतिमा, सीटी स्कॅनची त्रिमिती रूपे असा सारा भार तो निमूटपणे वाहतो. परंतु ‘निमूटपणे’ हा शब्द त्याला पूर्णतः लागू पडत नाही, कारण काम वाढले की त्याचा पंखा घरघरू लागतो. घरातील तरुण मंडळींनी खेळासाठी वा चित्रफितींच्या संपादनासाठी घेतलेला, वेग वाढवलेला संगणक असेल तर ही घरघर शेजारच्या खोलीतही ऐकू येते. हा आवाज येतो कोठून, तो कमी कसा करावा आणि मुळात संगणकाचा वेग असा वाढवावा का, या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

घड्याळ पुढे ढकलण्याचा मोह

प्रत्येक प्रोसेसरच्या आत एक स्पंदन चालू असते. दर सेकंदाला होणाऱ्या या स्पंदनांच्या संख्येवर त्याचा वेग ठरतो. उत्पादकाने नेमून दिलेल्या गतीपेक्षा हे स्पंदन अधिक जलद करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली बाजारात आलेला ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर केवळ एका मांडणीत बदल करून ४५० मेगाहर्ट्झवर धावत असे. स्वस्त वस्तूतून महागाचे काम मिळते हे पाहून जगभरच्या हौशी मंडळींना या प्रकाराची चटक लागली.

परंतु निसर्गाच्या दरबारात फुकट काही मिळत नाही. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता स्पंदनांच्या गतीच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती वाढवली की ती पेलण्यासाठी दाबही वाढवावा लागतो. समजा, गती २० टक्क्यांनी वाढवली आणि त्यासाठी दाब १० टक्क्यांनी वाढवला. १.२ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे सुमारे १.४५. वेग मिळाला २० टक्के. उष्णता वाढली ४५ टक्के. रक्तदाबाचे दुष्परिणाम रोज पाहणाऱ्या डॉक्टरमंडळींना हे गणित वेगळे समजावून सांगावयास नको.

हेच गणित उलटही चालते. गती १० टक्क्यांनी आणि दाब १० टक्क्यांनी उतरवला, तर उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी घटते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

हत्तीचे ओझे मुंगीच्या पाठीवर

विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणूस साधारणपणे ८० ते १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ती टाकण्यासाठी त्याच्याजवळ पावणेदोन चौरस मीटर त्वचा असते. आजचा एखादा ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर भर कामात २०० वॅटच्या पुढे जातो आणि ही सारी उष्णता जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून बाहेर पडते. दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब मांडला, तर हे प्रमाण मानवी त्वचेच्या पंधरा हजार पटींच्या घरात जाते.

हा धोका जाणकारांनी वेळीच ओळखला होता. इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१ साली एका परिषदेत इशारा दिला होता की, हाच क्रम चालू राहिला तर चिपवरील उष्णतेची घनता अणुभट्टीच्या आणि त्याहीपुढे अग्निबाणाच्या नळकांड्याच्या पंगतीला जाऊन बसेल. मे २००४ मध्ये इंटेलने अधिक वेगवान अशा नियोजित प्रोसेसरचा प्रकल्पच रद्द केला आणि एका धावणाऱ्या गाभ्याऐवजी अनेक चालणारे गाभे एकत्र जोडण्याचा मार्ग धरला.

मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. अनेक मध्यम गतीचे प्रोसेसर एकत्र राबवून मोठे काम साधण्याचा हा विचार पुण्यात त्याआधी एका तपाहून अधिक काळ प्रत्यक्षात आला होता. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यात एकच अतिवेगवान यंत्र नव्हते. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकदिलाने काम करीत होते. त्यापूर्वीची पिढी पाहायची तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ आठवावा. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी तापल्याशिवाय चालत नाही आणि तापली की तिची उष्णता बाहेर काढावी लागते. संगणकाचा इतिहास हा एका अर्थी उष्णतेशी केलेल्या तडजोडींचाच इतिहास आहे.

उष्णतेचा प्रवास

सिलिकॉनमध्ये जन्मलेली उष्णता खोलीतील हवेत कशी पोचते? प्रथम ती प्रोसेसरच्या धातूच्या झाकणात येते. तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकच्या तळाशी, तेथून पात्यांमध्ये, पात्यांवरून वाहणाऱ्या हवेत आणि अखेरीस कॅबिनेटबाहेर. शरीराच्या गाभ्यातील उष्णता रक्तातून त्वचेत आणि त्वचेतून बाहेर जाते, तसाच हा टप्प्याटप्प्यांचा मार्ग आहे. एकही टप्पा अडला की मागे सारे तुंबते.

थर्मल पेस्टविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पेस्ट जितकी अधिक तितके थंड, असे अनेकांना वाटते. वस्तुतः पेस्ट धातूपेक्षा पुष्कळच मंद वाहक असते. तिचे काम एवढेच, की दोन धातूंच्या पृष्ठभागांमधील सूक्ष्म खळग्यांत अडकलेली हवा हुसकावून लावणे. कारण हवा ही त्याहूनही वाईट वाहक आहे. म्हणून वाटाण्याएवढा ठिपका पुरे.

हीट पाइप ही तर निसर्गाच्याच युक्तीची प्रतिकृती म्हणावी लागेल. बंद तांब्याची नळी, आत कमी दाबाखाली थोडेसे पाणी आणि भिंतीला सच्छिद्र अस्तर. तापलेल्या टोकाशी पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धाव घेते, तेथे पुन्हा पाणी होऊन उष्णता सोडते आणि अस्तरातील केशाकर्षणाने मूळ जागी परतते. घामाच्या बाष्पीभवनाने अंग थंड होते, त्यामागची सुप्त उष्णता येथे राबवली आहे. फरक इतकाच, की येथे घाम वाया जात नाही. पंप नाही, आवाज नाही. जनरल मोटर्समधील गॉगलर यांना या कल्पनेचे पेटंट १९४४ साली मिळाले आणि १९६३ साली लॉस अलामॉस येथे ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे विकसित केली.

पात्यांचे तत्त्व तर आम्हां बेळगावकरांच्या नित्य परिचयाचे आहे. उद्यमबागेतील कारखान्यांत मोटारींच्या बिडाच्या कवचावर ज्या उभ्या धारा दिसतात, किंवा जुन्या बुलेटच्या इंजिनाभोवती ज्या चकत्या दिसतात, त्या केवळ शोभेसाठी नसतात. हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ वाढवणे हा त्यांचा हेतू. ज्या शहरात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून उद्योगाची सुरुवात केली, तेथे हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आवाजाचे गणित

आता मूळ दुखण्याकडे वळू. पंख्याचा आवाज त्याच्या फेऱ्यांबरोबर फार झपाट्याने वाढतो. अभियंत्यांच्या नियमानुसार फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तसेच दोन सारखे पंखे एकत्र चालवले, तर एकापेक्षा आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. या दोन्ही गोष्टी एकत्र करून पाहा. पूर्ण वेगाने फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाने फिरणारे दोन पंखे बसवले, तर हवा जवळपास तितकीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने घटतो. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्मी वाटते. म्हणजे हा लाभ लहान नव्हे.

पंख्याच्या आकाराचेही तसेच. व्यास दुप्पट केला, तर तेवढीच हवा देण्यासाठी तत्त्वतः फेऱ्या एक अष्टमांश पुरतात. म्हणूनच जुन्या संगणकांतील ६० मिलिमीटरचा चिमुकला पंखा किंचाळत असे आणि आजचा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा कुजबुजतो. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीने २०१४ साली आणलेला एनएच-डी१५ हा कूलर या विचाराचे ठळक उदाहरण होय. पंख्यांसह वजन १,३२० ग्रॅम, पात्यांचे दोन मनोरे आणि १४० मिलिमीटरचे दोन संथ पंखे. मोठे क्षेत्रफळ आणि मंद वारा, हेच त्याचे रहस्य.

वैद्यकीय वाचकांसाठी आणखी एक हिशेब. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,५०० फेऱ्या घेत असेल, तर त्याचा मूळ स्वर १७५ हर्ट्झचा पडतो. ३,००० फेऱ्यांना ३५० हर्ट्झ. हृदयाच्या ध्वनींचा मोठा भाग २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. म्हणजे पंख्याची गुणगुण नेमकी त्याच गल्लीत राहावयास येते. लेव्हाइन यांच्या श्रेणीतील पहिल्या पायरीचा मर्मर लक्ष एकाग्र केल्यावर कसाबसा ऐकू येतो. तो टिपताना टेबलाखाली असा सोबती नसलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये रुग्णकक्षासाठी रात्री ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यावरच्या भोंग्यांवर आपले नियंत्रण नाही. परंतु आपल्याच टेबलाखालच्या पंख्यावर निश्चितच आहे.

बेळगावची हवा, निपाणीची धूळ

परदेशी माहितीपत्रकांतील आकडे आपल्या भागाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब आणि त्यामुळे घनता समुद्रकाठापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी. तोच पंखा तितक्याच फेऱ्यांत गोव्यापेक्षा बेळगावात थोडी कमी उष्णता वाहून नेतो.

दुसरी गोष्ट ऋतूंची. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ खोलीच्या तापमानावर किती भर पडेल हे ठरवतो. समजा, प्रोसेसरची उष्णता १५० वॅट आहे आणि दर वॅटमागे तापमान ०.३ अंशाने वाढते. म्हणजे ४५ अंशांची भर. कॅबिनेटमधील उबेचे ६ अंश अधिक. खोलीत ३२ अंश असतील तर प्रोसेसर ८३ अंशांवर. हे सुरक्षित आहे. आता वर सांगितल्याप्रमाणे गती वाढवून उष्णता ४५ टक्के वाढली, म्हणजे सुमारे २१८ वॅट. भर ६५ अंशांची आणि कॅबिनेटचे ८ अंश. डिसेंबरच्या रात्री खोलीत २० अंश असताना हा प्रोसेसर ९३ अंशांवर राहील आणि मालक खूश होईल. एप्रिलच्या दुपारी तोच १०५ अंशांकडे निघेल. परंतु तेथे पोचण्यापूर्वीच, सुमारे १०० अंशांवर, तो स्वतःचा वेग आपोआप कमी करील. वेगासाठी केलेला सारा खटाटोप असा वेगालाच मारक ठरतो. म्हणून आपल्या भागात चाचणी घ्यायची ती उन्हाळ्यातील दुपारी, हिवाळ्याच्या गारव्यात नव्हे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट धुळीची. ३०० वॅटचा संगणक आपल्यातून जाणारी हवा १० अंशांनी तापवत असेल, तर त्याला सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास १,७०० लिटर हवा लागते. विश्रांत माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. संगणक आपल्या दोनशे पटींहून अधिक श्वास घेतो, आणि त्याला ना नाकातले केस, ना खोकला. तंबाखूच्या वखारींच्या परिसरात, विडीच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या निपाणीकरांच्या फुप्फुसांची व्यथा आपण डॉक्टरांना नव्याने सांगावी असे नाही. तोच गर्दा, तीच लाल माती संगणकाच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. पावसाळ्यातील दमट हवेत ती घट्ट चिकटते. मग उष्णता अडते, पंखा जोर लावतो आणि आवाज वाढतो. अशा वेळी अधिक जोराचा पंखा आणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

उपाययोजना

एक. निदान आधी, उपचार मागाहून. आवाज प्रोसेसरच्या पंख्याचा, ग्राफिक्स कार्डाचा, पॉवर सप्लायचा की जुन्या हार्ड डिस्कचा, हे कान देऊन ओळखावे. हार्ड डिस्कचा असेल तर एसएसडी बसवल्याने तो भाग पूर्ण मूक होतो.

दोन. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नये आणि चालू असताना त्यावर झालरीचे आच्छादन घालू नये. समोरून खालच्या बाजूने हवा आत, मागून वरच्या बाजूने बाहेर, हा मार्ग मोकळा हवा. जुन्या वाड्यात चौकातून गरम हवा वर निघून जात असे, तेच तत्त्व.

तीन. आत हवा घेणाऱ्या पंख्यांवर जाळी बसवावी आणि त्यांचा जोर बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक ठेवावा. त्यामुळे हवा फटींतून न शिरता जाळीतूनच गाळून येते. जाळी महिन्यातून एकदा झटकावी.

चार. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास, वीज पूर्ण बंद करून ब्लोअरने सफाई करावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने ती भन्नाट फिरली तर पंख्याचे बेअरिंग खराब होते. काही वर्षांनी थर्मल पेस्ट बदलावी.

पाच. बायोसमध्ये पंख्याची चाल तापमानानुसार संथपणे वाढेल अशी बांधावी. सारखा चढउतार करणारा आवाज एकसुरी आवाजापेक्षा अधिक त्रास देतो.

सहा. पाण्यावर चालणाऱ्या शीतकरणाचा मोह दवाखान्यासाठी टाळावा. त्यात पंप असतो आणि तो कधीतरी थकतो. हवेच्या कूलरचा पंखा बंद पडला तरी धातूचा ठोकळा काही काळ भार सांभाळतो, आणि नवा पंखा पाच मिनिटांत बसतो.

सात. वर राखून ठेवलेले गणित आता वापरावे. गती आणि दाब किंचित उतरवा. १० टक्के वेगाच्या बदल्यात २७ टक्के उष्णता कमी होते, पंखा संथ होतो आणि यूपीएसवर संगणक अधिक काळ तग धरतो. वीज जाण्याची सवय असलेल्या आपल्या भागात हा लाभ दुहेरी आहे.

लक्षणांविना आजार

शेवटचा मुद्दा शांततेचा नव्हे, विश्वासाचा आहे. मर्यादेपलीकडे पळवलेला संगणक नेहमी बंदच पडतो असे नाही. कधी तो चालत राहतो आणि हिशेबात एखादा अंक चुकवतो. पडद्यावर सूचना येत नाही, घंटा वाजत नाही. खेळात अशी चूक झाली तर एखादा ठिपका रंग बदलतो. सीटी स्कॅनच्या पुनर्रचनेत, रक्ततपासणीच्या नोंदीत किंवा औषधाच्या मात्रेत ती झाली तर? लक्षणांविना वाढणारा आजार सर्वांत घातक, हे डॉक्टरांइतके कोण जाणतो?

उत्पादकांनाही या दाबाच्या राजकारणातून सुटका नाही. इंटेलने २०२४ साली जाहीर केले की, आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरमधील अस्थिरतेमागे प्रमाणाबाहेर वाढणारा विद्युतदाब हे कारण आहे. त्यासाठी सुधारित आज्ञावली देण्यात आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. कंपनीच्या स्वतःच्या मांडणीत जर हे घडू शकते, तर घरगुती प्रयोगात किती सावधगिरी हवी! शिवाय आजचे प्रोसेसर मुळातच आपल्या क्षमतेच्या टोकापर्यंत आपोआप धावतात. ओव्हरक्लॉकिंगने मिळणारा १९९८ सालचा दीडपट लाभ आता राहिलेला नाही.

तेव्हा विवेकाची रेषा स्पष्ट आखावी. घरातील मुलामुलींचा खेळाचा संगणक असेल, तर त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. त्यातून भौतिकशास्त्र पुस्तकाबाहेर येऊन हाताला लागते आणि मोठा हीटसिंक, संथ पंखे व नेटकी हवा यांनी तो शांतही ठेवता येतो. परंतु ज्या संगणकावर रुग्णाची नोंद, प्रतिमा वा अहवाल आहे, त्याचे घड्याळ नेमल्या गतीपुढे एक काटाही ढकलू नये. सोनोग्राफी वा सीटी यंत्राला जोडलेल्या संगणकाच्या पंख्यालाही उत्पादकाच्या संमतीशिवाय हात लावू नये. अति तेथे माती, ही म्हण सिलिकॉनलाही लागू आहे. कारण तेही अखेर वाळूतूनच आलेले असते.

येत्या रविवारी दवाखाना बंद असताना सुज्ञ वाचकांनी एवढेच करावे. छताचा पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात, संगणकावर नेहमीचे काम चालू ठेवावे आणि रुग्णाच्या खुर्चीत पाच मिनिटे बसावे. जे ऐकू येईल ते आपले रुग्ण रोज ऐकत असतात. त्यानंतर स्क्रू ड्रायव्हर आणि ब्लोअर घेऊन बसायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.